आत्याने नापास केलेलं गाणं

माझ्या आत्याचा मोबाईल पातेल्यात असे. गाणं लावायचं, मोबाईल स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा करायचा आणि समोर पाटावर बसायचं. पातेल्यात आवाज घुमतो, स्पीकर कशाला हवा, हे तिचं संशोधन. हे पातेलं राखीव होतं. सुनेने चुकून त्यात डाळ शिजवली, तर तिला दोन दिवस बोलणी खावी लागत. वय सत्तरीच्या पुढचं, शाळा दुसरीत सुटलेली, आणि जे नवं गाणं निघेल ते, हिंदी असो, पंजाबी असो, कोळीगीत असो की रॅप, या पातेल्यातून पास किंवा नापास होऊनच बाहेर पडे. तिसराही एक निकाल होता, "पुना बस". म्हणजे गाणाऱ्यात दम आहे, गाण्यात नाही.

आत्या गव्हाण गावची धवलारीण. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला, तरी धवलारणीने धवले गायल्याशिवाय लग्न लागलं असं आमच्या बायका मानत नाहीत. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला वेगळा धवला. आत्याला किती येत होते ते तिलाही माहीत नव्हतं. अशा बाईने नव्या गाण्यांच्या नावाने बोटं मोडावीत अशी सगळ्यांची अपेक्षा असे, आणि अपेक्षा मोडण्यात आत्याला भारी सुख वाटे.

तिचा नियम एकच. कुठलंही गाणं तीनदा ऐकल्याशिवाय त्याच्यावर बोलायचं नाही. मी एकदा एक पंजाबी गाणं अर्ध्यात बंद करून "फालतू आहे" म्हटलं, तर माझ्या हातातला चहाचा कप तिने काढून घेतला. "मानूस एकदा बघून त्याला नावं ठेवतंस का? मंग गान्याला क्याला ठेवतंस? बस आनि आयक." तीनदा ऐकलं. मग निकाल आला. "गान्यात नुसती मोटारगारी हाय, मानूस कुठं दिसत नाय. पन ढोलवाला बघ. पोटभर जेवून आलाय." पास.

उलट, माझ्या बायकोला आवडणारं एक संथ हिंदी विरहगीत तिने सरळ उडवलं. "पयल्या ओलीपासून रडतोय. झालंय काय ते शेवटपरत सांगत नाय. असा पावना घरात आला तर मी दुसरा चा इचारनार नाय." एका कोरियन पोरींच्या गाण्याला मात्र तिने हातावर हात मारून दाद दिली. भाषा कळत नाही तर पास कशी करतेस, असं सुनेने विचारलं. आत्या म्हणाली, "भटजीची तरी कुठं कलते?" झोपडपट्टीतल्या एका पोराच्या रॅपला घरात सगळे बडबड म्हणत होते. तिने ते चार वेळा ऐकलं, नियमापेक्षा एकदा जास्त. "श्वास बघ त्याचा. एका दमात कवरं बोलतो. मना जमायचं पयले. आता नाय जमत."

आणि हळदीची गाणी, म्हणजे माझा धंदा. नवीन पनवेलात एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून मी स्टुडिओ केला आहे, तिथे मी हळदीची गाणी रेकॉर्ड करतो, त्यांना ठेका चढवतो. माझी पहिली चार गाणी आत्याने नापास केली. व्हिडिओत खाडी होती, होडी होती, नटलेल्या पोरी होत्या. ती एवढंच म्हणाली, "जालं सुकं हाय तुमचं. मासं धरायला कोन गेलंच नाय." पाचव्या गाण्याला "पुना बस" मिळालं, तेव्हा मी पेढे वाटले. भावाची बायको म्हणाली, नापासाचे पेढे पहिल्यांदा खाल्ले.

घरातली माणसं तिला म्हणत, आता वय झालं, हरिपाठ ऐक. ती म्हणे, "सकालचा आयकतं की. दुपारचा देव झोपतो, मंग मी माजं आयकतं." शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाने तर तिला शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं. अध्यक्षांनी अर्धा तास नव्या गाण्यांनी संस्कृती कशी बुडवली ते सांगितलं आणि आत्याला शेवटचा दिवा की काय म्हटलं. मग माईक तिच्याकडे दिला. आत्याने शाल नीट घडी करून मांडीवर ठेवली. "साहेब, तुमी कुठली गानी आयकली ती नावं सांगा," ती म्हणाली. साहेबांना एकही सांगता येईना. "आयकलीच नाय, मंग बुडवली कशी?" सभागृहात हशा पिकला. मंडळाने परत कधी बोलावलं नाही, आणि नारळाची तिने त्याच संध्याकाळी चटणी केली.

एवढी नवी गाणी ऐकणारी ही बाई स्वतःचा धवला मात्र रेकॉर्ड करू देत नव्हती. मी हातापाया पडलो. आत्या, तुझ्यानंतर कुणाला येत नाही, एवढं सगळं तुझ्याबरोबर जाईल. ती हसायची. "समोर नवरी नाय, हलद नाय. कोनाला लावू? तुज्या गाद्यांना?" लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. तालीम म्हणून नाही, आठवण म्हणूनही नाही. एवढ्या एका बाबतीत ती कुठल्याही म्हातारीइतकी हट्टी होती.

मग मी चोरी केली. चोरीच ती, दुसरा शब्द नाही. माझ्या चुलत बहिणीची, हर्षलाची हळद होती. आत्या गात होती आणि मी तिच्या पाठीमागे मोबाईल चालू करून बसलो होतो. स्टुडिओत येऊन तो आवाज साफ केला, खाली ठेका घातला. एक अडचण होती. धवल्यात दर दोन ओळींना नाव येतं. नवरीचं, तिच्या आईचं, आजीचं, गावाचं. आता हर्षलाचं नाव असलेलं गाणं उरणच्या हळदीत कोण वाजवणार? मी सगळी नावं कापली आणि जिथे जिथे नाव होतं तिथे ढोलाचे दोन ठोके भरले. ते कापताना मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

गाणं नेटवर टाकलं आणि ते तुफान चाललं. पनवेलपासून उरणपर्यंत कुठल्याही मांडवापुढून जा, आत आत्याचा आवाज. मला वाटलं, तिला आनंद होईल. ती एके दुपारी बस बदलत नवीन पनवेलला आली, जिना चढून स्टुडिओत आली आणि पाणीही न घेता म्हणाली, "तीनदा आयकलं. नापास."

"आत्या, आवाज तुझाच आहे."

"आवाज माजा हाय. हर्षला कुठं हाय? तिची आयस कुठं हाय?"

"नाव ठेवलं असतं तर गाणं एका घरचं झालं असतं. काढलं म्हणून सगळ्यांचं झालं."

"सगल्यांचं लगीन एकदम लागतं का रं?"

मला राग आला. मी म्हटलं, तू गेल्यावर हेच राहणार आहे. ती म्हणाली, "राहील तो माजा गला. धवला नाय राहनार. काढून टाक." मी नाही म्हणालो. खोटं कशाला सांगू, त्या गाण्याने मला नाव मिळालं होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. ती चहा न घेता उठली. आमच्यात चहा न घेता उठणं म्हणजे काय, ते आमच्या लोकांना माहीत आहे.

त्यानंतर तिने माझ्याशी उघड उघड वैर धरलं. ज्या हळदीत माझं गाणं वाजेल, तिथे ती उठून मांडवाबाहेर जाऊन बसे. धवलारीण बाहेर म्हणजे हळद खोळंबली. यजमान धावत डीजेवाल्याकडे जात, गाणं बंद होई, मग बाई पदर सावरत आत येई. महिन्याभरात सगळ्या डीजेवाल्यांना कळलं की गव्हाणची म्हातारी असली तर ते गाणं लावायचं नाही. ते मला फोन करून शिव्या घालत. मनातल्या मनात मला तिचं कौतुकच वाटे, पण मी गाणं काढलं नाही.

असं दोन वर्षं चाललं. मग जासईचं ते लग्न आलं. आत्या नेहमीप्रमाणे बाहेर जाऊन बसली. या वेळी कुणी बोलवायला आलं नाही. घरातल्या तरण्यांनी ठरवलं, धवला तर वाजतोच आहे, आजीला कशाला त्रास? एकाने नम्रपणे साडी-खण तिच्या ओटीत घातले आणि रिक्षा बोलावली. आत गाणं चालूच होतं.

तिचा फोन आला तेव्हा तिचा स्वर नेहमीसारखाच होता. "बाला, आज माज्याच आवाजानं मना दारातून परत धाडलं."

मी त्याच मिनिटाला गाणं काढून टाकलं. पण एव्हाना ते प्रत्येक डीजेवाल्याच्या पेन ड्राइव्हमध्ये जाऊन बसलं होतं. तिथून ते मला कुणीच परत देणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी गव्हाणला गेलो आणि तिच्यापुढे बसून रडलो. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता शीक."

"मी? बाप्या माणूस धवला कधी गातो का? लोक हसतील."

"हसू दे. हसनाऱ्यांना येतो का धवला?"

लग्नाशिवाय ती गाणार नव्हती, म्हणून मी प्रत्येक लग्नात तिच्या मागे बसू लागलो. मोबाईल बायकोकडे ठेवून. बायका तोंडाला पदर लावून हसत, पुरुष सरळ हसत. एक हंगाम असा गेला आणि दुसऱ्याचा अर्धा. अकरा धवले मला आले. गळा माझा फाटका. आत्याने एकदाही पास म्हटलं नाही, "पुना बस" एवढंच. मग पावसाळ्यात ती दोन दिवसांच्या तापाने गेली. बाकीचे सगळे धवले तिच्याबरोबर गेले, आणि त्याला निम्मा जबाबदार मी आहे, असं मी आजही मानतो. ती फिरत होती ती दोन वर्षं मी तिच्याशी भांडण्यात घालवली.

आता मी लग्नांना जातो. बोलावतात तिथे, आणि गव्हाणात न बोलावताही. परवा एका मांडवात पाय ठेवला आणि डीजेवाल्याने मला बघून मुद्दाम तेच गाणं लावलं. आत्याचा आवाज, स्वच्छ, मोठा. आत्याच्या रिवाजाप्रमाणे मी वळून बाहेर निघालो. मांडवाच्या दारापर्यंत गेलोही. मागे दोन ठोके पडले, नावाच्या जागी, आणि मला पुढे पाऊल टाकवेना. तिला तशी अर्धी सोडून मी बाहेर कुठे जाऊन बसणार होतो?

मी परत आलो, नवरीपुढे मांडी घातली, तिचं नाव विचारलं. पुढचे दोन ठोके आले तेव्हा त्यांच्यावरून मोठ्याने ते नाव घेतलं. प्राजक्ता. कुणीतरी फिसकन हसलं. डीजेवाल्याने आवाज वाढवला. मीही वाढवला. पुढच्या ठोक्यांना परत घेतलं, त्याच्या पुढच्यालाही.

तोवर हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. नवरीची आई वाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. तिने आधी डीजेवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्याला बंद करायला सांगतं," ती म्हणाली. "तू पयल्यापासून बोल. माजं नाव सुमन. माजी आयस बायजा."