थोडं थांबा, विचार चाललाय

डॉ. शकुंतला बिराजदार. माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण कुणाचं, या प्रश्नावर मला विचार करावा लागत नाही. एरवी विचार न करता दिलेलं उत्तर मॅडमना खपत नसे. त्यांना जाऊन काही आठवडे झाले. राग ओसरला की लिहू, असं ठरवलं होतं. तो ओसरला नाही, म्हणून तसाच लिहितो.

राग त्यांच्या शोकसभेचा आहे. सोलापुरातल्या त्या सभेत अध्यक्ष म्हणून जे निवृत्त अधिकारी बसले होते, त्यांनीच एके काळी मॅडमना आमच्या शाळेत यायला बंदी केली होती. नाव लिहीत नाही. वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

मी सांगोला तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. कुंभारीच्या शाळेत लागलो तेव्हा शिकवणं म्हणजे मोठ्यानं बोलणं, एवढंच मला ठाऊक होतं. मुलं वर्गात विचार कधी करतात, हा मॅडमच्या संशोधनाचा विषय. जुळे सोलापुरातून स्कूटीवर यायच्या आणि मागे पोरांच्या ओळीत सतरंजीवर बसायच्या. एकदा म्हणाल्या, "गुरुजी, प्रश्नही तुम्हीच विचारता, उत्तरही तुम्हीच देता. मग पोरं कशाला बोलावलीत?" मला लागलं. मग त्यांनी रीत घालून दिली. प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. कुणी हात वर करायचा नाही, आपण हुशार पोराकडे बघायचं नाही. ती शांतता सुरुवातीला अंगावर यायची... हळूहळू तिच्यात पोरं बोलायला लागली.

एके दिवशी भाकरी का फुगते, असं विचारून मी थांबलो होतो. विडी कामगाराची रेणुका, घरी तेलुगू बोलणारी, वर्गात कधी तोंड न उघडलेली, तिचे ओठ हलत होते. तेवढ्यात शोकसभेचे हेच अध्यक्ष, तेव्हाचे आमचे साहेब, तपासणीला दारात उभे. "काय गुरुजी, वर्गात मयत झालीय का?"

पोरं हसली. मागून मॅडम म्हणाल्या, "थोडं थांबा साहेब, विचार चाललाय."

साहेब थांबले नाहीत. बाहेरच्या बाईनं वर्ग मुका करून ठेवलाय, असा शेरा मारून गेले. त्यांची जीप फाटकाबाहेर पडली आणि रेणुका म्हणाली, "आत पानी हाय की गुरुजी. त्येला भाईर यायचंय."

मॅडमचा आमच्या वर्गातला तो शेवटचा दिवस. पुढच्या खेपेला त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. त्या दुसऱ्या शाळांत गेल्या, तिथूनही काही ठिकाणी त्यांना काढलं. 'मुक्या वर्गाची बाई' हे नाव मात्र ऑफिसात जन्मभर चाललं, आणि ते ठेवणारे शोकसभेच्या दिवशी पहिल्या रांगेत हार घेऊन बसले होते.

साहेबांनी मॅडमना दीपस्तंभ म्हटलं. मग मौनासाठी सगळे उभे राहिले. साहेब खाकरले, घड्याळ बघितलं, आणि दोन मिनिटं व्हायच्या कितीतरी आधी म्हणाले, "बसा." खुर्च्या वाजल्या. ज्या बाईनं आयुष्यभर फक्त थोडी शांतता मागितली, तिला मेल्यावरही ती पुरी मिळाली नाही.

मी उभाच राहिलो. मागून कुणीतरी शर्ट ओढला, "बसा की गुरुजी, झालं."

"विचार चाललाय," मी म्हणालो.

मॅडम आजारी असताना मी त्यांना एक पत्र पाठवलं होतं. त्यांच्या बहिणीनं नंतर मला सांगितलं, तिनं ते वाचून दाखवलं आणि उत्तर काय लिहू, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "थांब जरा." उत्तर आलं नाही. पत्र असं होतं :

"आदरणीय मॅडम, सा. न.

परवा नवीन साहेबांनी माझा वर्ग पाहिला. मी पोरांसाठी थांबलो होतो. हे बंद करा, नाहीतर दुसऱ्या शाळेत जा, असं म्हणाले. पोरं आता कुठं बोलायला लागलीत. मी बंद करू की भांडू?

उत्तराची घाई नाही. विचारलंय, आता थांबतो.

आपला,
बिरा"