परत येण्याचं कारण

सायकली भरायला आम्ही गुरुवारी दुपारी बसलो. सोमवारचं विमान होतं. हॉलमधला टीपॉय बाल्कनीत ढकलला, खाली सतरंजी अंथरली आणि दोन घडीच्या सायकली आणि त्यांच्या दोन कडक बॅगा समोर घेऊन बसलो, मी आणि ताई. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच डोंबिवलीत राहतात. त्या एकसष्टच्या, मी चौपन्नची.

सायकलचं वेड त्यांचं. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा ताईंनी बँकेतली नोकरी सोडली आणि पुढची सोळा वर्षं त्यांचं सगळं केलं. मी आणि माझा नवरा नोकऱ्या करत होतो, मधून मधून रजा काढून फिरूनही येत होतो. ताई त्या सोळा वर्षांत एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिल्या नाहीत. सासरे गेल्यावर वर्षभर त्यांना दिवसाचं काय करायचं तेच कळत नव्हतं. मग एकदा ठाण्याहून ही सायकल घेऊन आल्या. "लिफ्टमध्ये मावते," एवढंच म्हणाल्या. दोन महिन्यांनी मलाही घ्यायला लावली. दर रविवारी सकाळी आम्ही दोघी खाडीकडे जायचो, जोर असला तर कल्याणवरून पार टिटवाळ्यापर्यंत. वाटेत ठाण्याचा एक ग्रुप भेटला, ओळख वाढली आणि युरोपात एका नदीच्या काठाकाठानं नऊ दिवस सायकल चालवायचा बेत ठरला.

घडीची सायकल दुमडली की झालं, असं लोकांना वाटतं. विमानात टाकायची तर पेडलं काढावी लागतात, सीटचा दांडा उपसावा लागतो, चाकातली थोडी हवा सोडावी लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथे मी नेहमी चुकायचे. ताईंनी सासऱ्यांची जुनी धोतरं फाडून लांब पट्ट्या केलेल्या. फ्रेमला ओरखडा येऊ नये म्हणून त्या एकेक पट्टी गुंडाळत होत्या.

"धुऊन धुऊन काय मऊ झालीत बघ," त्या म्हणाल्या. "चला, बाबांनाही युरोप घडेल."

आणि स्वतःच खळखळून हसल्या.

त्यांची बॅग आधी भरून झाली. काट्याला लावली तर बावीस किलो, विमानात तेवीस चालतात. एका किलोत अजून काय बसेल याची चर्चा चालली होती, लसणीची चटणी की मेतकूट, तेवढ्यात बेल वाजली. कुरियर होतं. माझा आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांचा व्हिसा मंगळवारीच आलेला, ताईंचा पासपोर्ट तेवढा राहिला होता.

"चष्मा आत राहिलाय. वाच गं तू," ताई म्हणाल्या.

पासपोर्टच्या पानावर काहीच नव्हतं. सोबत एक कागद होता, त्यावर छापील कारणांची यादी आणि एका कारणापुढे खूण. मी ते दोनदा मनात वाचलं.

"काय म्हणतायत?"

"नाही दिला, ताई. तुम्ही परत याल याची त्यांना खात्री वाटत नाही."

नोकरी नाही, नवरा नाही, मूल नाही, फ्लॅट भावाच्या नावावर. अर्जात त्यांनी सगळं खरं लिहिलं होतं.

"मी?" ताई म्हणाल्या. "मी परत येणार नाही?"

त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, चष्म्याशिवायच थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि टीव्हीच्या कपाटावर ठेवला. मग पाना उचलून माझ्या सायकलशी येऊन बसल्या.

"सरक जरा. तुझं डावं पेडल अजून तसंच आहे."

नवरा संध्याकाळी आला तो कागद वाचून भडकलाच. पुन्हा अर्ज करू, कुणाला तरी भेटू, म्हणत त्यानं चार फोन केले. पण मधे शनिवार-रविवार होता, काही होण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, मीही जात नाही.

"ते मला चालणार नाही," ताई पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. "माझ्यापायी कुणी घरी बसलेलं मला नकोय. मी बसलेय ना कुणापायी तरी. काय असतं ते मला ठाऊक आहे."

सोळा वर्षांत त्या असं एकदाही बोलल्या नव्हत्या. नवरा मान खाली घालून बसला. मीही.

शुक्रवारी त्यांनीच माझी बॅग पूर्ण भरली. स्वतःच्या सायकलच्या पट्ट्या सोडवून माझ्या सायकलला दुहेरी बांधल्या.

मी गेले. पहिले तीन दिवस सारखं त्यांचंच मनात यायचं. चौथ्या दिवशी दुपारी ऊन पडलं, रस्ता उताराचा होता, दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडं होती, आणि मी मोठमोठ्यानं गात सुटले होते. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर लक्षात आलं, सकाळपासून ताईंची एकदाही आठवण झाली नव्हती. त्या दिवशी मी घरी फोन केला नाही.

परत आल्यावर त्यांनी सगळे फोटो पाहिले. कुठे राहिलात, काय खाल्लंत, सगळं विचारलं. महिन्याभरानं मी म्हटलं, "ताई, पुढच्या वर्षी परत अर्ज करू या. या वेळी नीट कागद लावू."

"कसले कागद? परत यायला कारण मागतायत ते. कुठून आणू?"

"आम्ही आहोत ना," मी म्हटलं.

त्या हातातली भाजी निवडत राहिल्या.

त्यानंतर त्या माझ्याबरोबर सायकलवर आल्या नाहीत. सोडली म्हणावं तर तसंही नाही. रविवारी उजाडायच्या आधी लॅचचा आवाज येतो, लिफ्टचं दार लागतं. मला उठवत नाहीत. मध्यंतरी एकदा मी मुद्दाम लवकर उठून, बूट घालून दारात उभी राहिले.

"मी येऊ?"

"कशाला गं? आठवडाभर दमतेस," त्या हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाल्या. "झोप तू."