तेवीस माणसं आणि एक स्पेअर

बस डेपोत ड्यूटी लावणं म्हणजे दोनशे चाळीस जणांचा रोष रोज नव्याने ओढवून घेणं. बाई हे काम सव्वीस वर्षं करत होत्या. पहाटेची फेरी कुणाला, दुपारची कुणाला, सुट्टी कुणाची कधी, हे त्यांच्या तक्त्यात एकदा लिहिलं गेलं की काळ्या दगडावरची रेघ. डेपोत त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत. लग्न केलं नव्हतं. ते चार्टात कुठे बसेना, असं त्याच सांगत. दोन खोल्यांच्या घरात चार ताटल्या होत्या, आणि त्यातल्या दोन तरी कधी वापरल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

वर्षअखेरच्या सुट्टीतलं घरच्या सगळ्यांचं जेवण गेली एकतीस वर्षं थोरल्या भावाकडे, म्हणजे खरं तर वहिनीच्या जिवावर होत होतं. यंदा वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग करायचं कुठे, यावर फोनाफोनी सुरू झाली. मधल्या भावाने घर रंगवायला काढलं होतं. धाकट्याच्या कुत्र्याला गर्दी सोसत नव्हती. शेवटी बाईच बोलून गेल्या, "मग माझ्याकडे करू." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोण येणार ते मोजलं, तर तेवीस माणसं निघाली.

सहा आठवडे आधी बाईंनी तक्ता आखला. सूप, भाजलेल्या कोंबड्या, बटाटे, पाव, सफरचंदाचा केक. प्रत्येकाचा दिवस, वेळ आणि माणूस ठरलेला. मधल्या भावाकडे खुर्च्या, धाकट्याकडे पाव, भाचीकडे पाणी आणि पेले. मधल्या भावाने विचारलं की खुर्च्या सकाळी आठला कशाला, जेवण तर दीडला आहे. बाईंनी सांगितलं, गाडी सुटायच्या आधी फलाटावर असावी.

सुपाची तालीम त्यांनी एकटीनेच केली. पातेलं मोठं होतं, अंदाज त्याहून मोठा. ते सूप त्या आठ दिवस डब्यात नेत होत्या, आणि पाचव्या दिवशी हेड मेकॅनिकने जेवायला दुसरं टेबल धरलं. टेबलाचा प्रश्न तळमजल्यावरच्या शिंप्याने सोडवला. त्याचं कापड बेतायचं लांबलचक टेबल तो सुट्टीपुरतं द्यायला तयार झाला, फक्त त्यावरच्या खडूच्या खुणा पुसू नका म्हणाला. कुणाच्या तरी पॅण्टचं माप होतं ते.

फ्रीज मात्र एकटीच्या बेताचा. तेव्हा मसाला लावलेल्या चार कोंबड्या तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या मोठ्या फ्रीजमध्ये, वरच्या बर्फाच्या कप्प्यात गेल्या. त्या आदल्या संध्याकाळी खाली आणायच्या, असं तक्त्यात होतंच. पण आदल्या संध्याकाळी डेपोत दोन ड्रायव्हर आजारी पडले, बाई उशिरा परतल्या आणि डॉक्टरांकडचे दिवे विझलेले पाहून, सकाळी सहाला आणू, असं ठरवून झोपल्या. सव्वीस वर्षांत स्वतःच्या तक्त्याला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला.

सकाळी सहाला डॉक्टरांच्या दाराला कुलूप. फोन लावला, तर डॉक्टर सव्वापाचच्या बसने सासुरवाडीला निघालेले आणि किल्ली त्यांच्या खिशात. डॉक्टर इतके ओशाळले, की पुढच्या दोन दाढा फुकट काढून देतो म्हणाले.

पण बाईंचं डोकं डेपोतलं होतं. सव्वापाचच्या गाडीवर कोण, ते त्यांना पाठ होतं. समोरून येणारी गाडी आठला अर्ध्या वाटेवरच्या थांब्यावर तिला भेटते, हेही. त्यांनी दोन फोन केले. गाडी एक मिनिटही थांबवायची नाही, हे बजावून सांगितलं. खिडकीतून खिडकीत किल्ली गेली आणि अकराला कंडक्टर ती टोपीत धरून दारात उभा राहिला. मिळाल्याची सही मागायलाही तो विसरला नाही.

कोंबड्या मात्र दगड झाल्या होत्या. ओट्यावर ठेवल्या तर विटांसारख्या वाजल्या. भट्टीत त्यांना पाच तास तरी लागणार होते. बाई तक्त्याकडे बघत राहिल्या. तक्ता काही बोलेना.

तेवढ्यात थोरला भाऊ वहिनीला धरून आत आला, ठरल्या वेळेच्या दोन तास आधी. घरी हिचा पाय ठरेना, असं त्याने दारातच सांगून टाकलं. ऑपरेशन झालेला की दुसरा, ते सांगितलं नाही. वहिनी काठी टेकत थेट भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या. तिथे त्यांच्या नावापुढे 'स्पेअर' लिहिलं होतं.

"वन्सं, म्हणजे मी जास्तीची?"

आवाज साधाच होता, म्हणून जास्त लागला. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि समजावलं. डेपोत रोज एक ड्रायव्हर कुठल्याच फेरीवर न लावता बसवून ठेवतात. गाडी अडली, कुणी आजारी पडलं, की त्याला पाठवायचं. नवशिक्याला तिथे कधी लावत नाहीत. ज्याला सगळे रस्ते येतात, त्यालाच लावतात.

वहिनींनी ओट्याकडे मान वळवली. "गाडी अडलीय का?"

"चांगलीच."

वहिनींनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढायला लावली आणि काठीने कारभार सुरू केला. भाजायचं रद्द. कोंबड्या गार पाण्यात, पाणी दर दहा मिनिटांनी बदलायचं, मऊ पडल्या की तुकडे करायचे आणि बटाट्यांसकट एकाच पातेल्यात शिजवायचे. थोरला भाऊ, ज्याने एकतीस वर्षांत कांदा हातात धरला नव्हता, तो कांदे चिरताना इतका रडला की आठच्या खुर्च्या बाराला घेऊन आलेल्या मधल्याला वाटलं, वहिनीचं काही बरंवाईट झालं.

पावणेतीनला सगळे बसले. बाईंनी तक्त्यावर स्वतःच्या नावापुढे लेट मार्क लिहिला. वहिनी पहिल्या घासाआधीच सवयीने वाढायला उठू लागल्या, पण टेबल आणि भिंत यांच्यामध्ये त्या अशा काही बसल्या होत्या की दोन्हीकडचे सात जण उठल्याशिवाय सुटका नव्हती, आणि सात जण काही उठेनात. शेवटी त्या बसूनच जेवल्या. अर्धं ताट संपल्यावर बाईंकडे बघून हळूच म्हणाल्या, "गरम आहे हो."

इतक्या वर्षांत आपण एकदाही वहिनींच्या ताटाकडे पाहिलं नाही, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी पातेलं पुढे सरकवलं.

खडूच्या खुणांवर रस्सा सांडला आणि त्या पॅण्टचा एक पाय पुसला गेला. शिंप्याला ते सांगायचं काम धाकट्या भावाकडे लागलं. पुढच्या वर्षी जेवण बाईंकडेच झालं. वहिनी आठ दिवस आधी, पिशवी घेऊन राहायला आल्या. रोज संध्याकाळी दोघी तक्त्यापुढे बसत. एक लिहायची आणि दुसरी खोडायची.