पाण्यात ठेवलेली देवी

देवी पाण्यात होती आणि मी तिच्याशी बोलत नव्हते. वणीच्या देवीचा तो चांदीचा टाक माझ्या सासूबाईंपासून घरात आहे. नवऱ्याला उपचारासाठी परगावी न्यायचं ठरलं, त्या सकाळी मी तो पितळेच्या वाटीत बुडवून ठेवला. आमच्याकडे मोठं मागणं असलं की देव पाण्यात ठेवतात आणि ते पुरं झाल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. परत आल्यावर रोज वाटीतलं पाणी बदलत होते, पण हात जोडत नव्हते. बस अशीच, असं मनात म्हणायचे. आमचा माणूस पडून आहे, तूही पडून राहा.

दिंडोरी रस्त्याला आमचं गुलाबाचं शेत आहे. वाऱ्याने पॉलिहाऊसचं प्लास्टिक फाटलं, ते बांधायला हे वर चढले आणि पाइपावरून सटकून पाठीवर पडले. कंबरेखालचं सगळं गेलं. नाशिकच्या डॉक्टरांनी आता चाकाच्या खुर्चीची सवय करा म्हणून सांगितलं, तेव्हा मला त्यांचा रागच आला. मग माझ्या भावाने कुठून तरी स्टेमसेलच्या उपचाराची माहिती काढली. माणसाच्या स्वतःच्याच हाडातला मगज काढायचा आणि त्यातल्या पेशी मणक्यात सोडायच्या. तिथले डॉक्टर म्हणाले की हा अजून प्रयोग आहे, गुण येईलच असं नाही. आम्ही माना डोलावल्या, पण त्यातलं काही आत शिरलं नाही.

आमचे हे गुलाबाला डोळे भरण्यात पटाईत. जंगली गुलाबाच्या फांदीची साल हलकेच उचलायची, तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा, वरून पट्टी बांधायची आणि मग त्या रोपाला हात लावायचा नाही. धक्का लागला की डोळा मरतो. डॉक्टरांचं बोलणं ऐकून हे म्हणाले, "म्हणजे डोळाच भरायचा की." पडल्यापासून पहिल्यांदा ते हसले. त्या हसण्यावर मी इतकी भुलले की पुढे त्यांच्या कुठल्याच शब्दाला नाही म्हटलं नाही.

दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं की यांना सारखी कूस बदलून द्या. तिथे असेपर्यंत ती स्वतः करायची. घरी आल्यावर मी उशी घेऊन जवळ गेले की हे म्हणायचे, "हलवू नको गं. डोळा धरू दे." त्यांचा भाऊही तेच म्हणाला, कारण तोही डोळे भरणाराच. घरातला प्रत्येक जण दबक्या पावलांनी वावरायचा. पुढे ह्यांना ताप भरला. अंग तापलं होतं आणि डोळे मात्र चमकत होते. "काम सुरू झालं आत," असं ते म्हणाले आणि मी त्यांच्या पायाच्या बोटांकडे बघत बसले. एकही बोट हललं नाही. मी बघणं सोडलं नाही.

चैत्र होता. वणीला पायी निघालेली माणसं रस्त्याने जात होती. त्यांतली एक म्हातारी पाणी मागायला दाराशी आली. बागलाणातली, नाशिकला लेकीकडे राहणारी. पायाला चिंध्या बांधलेल्या. मी तांब्या दिला. तिने तो तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. "बाई, घरमा कोणी पडेल शे का? वास ई ऱ्हायना," ती म्हणाली. तिला दारातूनच आलेल्या त्या वासाची आम्हाला सवय झाली होती. मी काही बोलायच्या आत ती खाटेजवळ गेली, चादर उचलली आणि मला म्हणाली, "धर वं माय." हे नको नको म्हणत होते. आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर केलं.

माकडहाडावर तळहाताएवढी काळी जखम होती. आतून सडलेली. ह्यांना तिथे काहीच कळत नव्हतं, म्हणून दुखलंही नव्हतं. मी तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकले. म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मन्हा पोऱ्या असाच गया. आते ऊठ, गाडी बलाव." फुलांचा टेम्पो अंगणातच उभा होता. त्यात गादी टाकली, पोटावर निजवून ह्यांना नाशिकला नेलं. डॉक्टर म्हणाले, विष अंगभर पसरायला लागलं होतं, अजून थांबला असतात तर हाती काही उरलं नसतं. म्हातारीला पाणी पुरतं प्यायलाही मिळालं नाही, ही आठवण मला फार उशिरा झाली.

जखम भरायला पुढचा पावसाळा सरला. पायांत काही आलं नाही, आजही नाही. एकदा मलमपट्टी करताना हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "खालचं खोडच वाळलं असलं, तर डोळा कशाला धरेल." त्यानंतर मला शेताकडे बघवत नव्हतं. हे घर आता असंच राहणार, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

एका सकाळी पाणी बदलायला वाटी उचलली आणि टाक बघितला. पाण्यात राहून काळा पडलेला. ज्या अंगावर पडून होता, तिथे जास्तच काळा. मला ह्यांची पाठ आठवली. मागणं पुरं झालं नव्हतं, तरी मी देवीला बाहेर काढलं. राखेने घासलं, पुसलं, देव्हाऱ्यात बसवलं आणि खूप रडले. मी तिच्याकडे ह्यांचे पाय मागत राहिले आणि दाराशी आले ते चिंध्या बांधलेले पाय. त्या म्हातारीचं नावही मी विचारलं नाही. ती कोण होती, याचा कीस मी काढत नाही. तिने ह्यांना माझ्या हातात परत दिलं, एवढं मला ठाऊक आहे. जे मिळालं ते मागितल्यासारखं नव्हतं, पण मिळालं ते तिचंच, असं धरून मी जगते.

आता चैत्रात दाराशी रांजण भरलेला असतो. पाणी पिणाऱ्या प्रत्येक म्हातारीच्या पायांकडे माझं लक्ष जातं. बाकी माझी पूजा म्हणजे ह्यांची कूस बदलणं. खांद्याखाली हात घालते, देवीचं नाव घेते आणि वळवते. कधी कधी नाव घ्यायचं राहिलं तर हेच आठवण करून देतात. सकाळी म्हणतात, "खिडकीकडं कर गं. गुलाब दिसू दे."