मामासासऱ्यांनी घातलेलं बारसं

सरकारला न घाबरणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही मुलखांत मी एकच पाहिला, आणि तो सरकारचाच टपालवाला होता. माझे मामासासरे. म्हणजे आमच्या मंडळींचे सख्खे मामा, वरवे बुद्रुकचे. जन्मभर त्यांनी सरकारची पत्रं लोकांना वाटली, आणि नोकरी सुटल्यावर लोकांची पत्रं सरकारला धाडली. पहिल्या जर्मन लढाईवरून परत आलेले, कुणाचा हात गेलेला, कुणाचा डोळा गेलेला, आणि पेन्शन नावाची चीज असते हेच ठाऊक नसलेले शिपाई डोंगरातून हुडकून काढायचे आणि त्यांचे अर्ज करायचे, हे त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलेलं काम. ते यंदा दिवाळीनंतर गेले. मी तिसऱ्या बुकापर्यंत शिकलेला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही. होते तसे सांगतो.

टपाल वाटून वाटून त्यांची उभं राहण्याची सवयच मोडली होती. त्यांच्याशी बोलायचं तर बरोबर चालावं लागे. एखाद्याची रडकथा किकवीच्या वेशीत सुरू झाली तर ती नसरापुरात संपायची आणि त्या माणसाला परत एकट्यानं यावं लागायचं. ज्याला पायच नाही त्याच्याशी बोलताना ते त्याच्याभोवती फेऱ्या मारायचे. वेल्ह्याकडच्या एका लंगड्या शिपायानं मला सांगितलं की मामांनी माझी सगळी हकीकत लिहून घेतली, पण मान फिरवून फिरवून मला घेरी आली, आणि घेरी येते हेसुद्धा त्यांनी अर्जात लिहिलं.

आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचल्यानं त्यांची बोलीही कागदी झाली होती. 'सबब' या शब्दावाचून त्यांचं पान हलत नसे. मामीला म्हणायचे, भाकरी करपली आहे, सबब परत पाठवत आहे. मामी म्हणायची, दुसरी मिळणार नाही, सबब तीच खा. मग खायचे. लढाईच्या वर्षांत घरोघरी पत्रं वाचून दाखवायचे तेही असेच, एका सुरात. पोरगा खुशाल आहे हे ज्या आवाजात, त्याच आवाजात पोरगा गेला हे. लोक त्यांना दगड म्हणायचे. पण कुठल्या घरातला कोण कुठल्या पलटणीत होता, कुणाचं पत्र कधी यायचं थांबलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. या भानगडीत कशाला पडता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "वाईट कागद म्याच पोचवलं. आता बरं कागद दुसऱ्यानं का आणावं?"

अर्जावर अंगठा लागे, आणि अंगठ्याच्या बाबतीत ते सोनाराहून चिकट होते. आमच्याकडच्या माणसाचा अंगठा नांगराच्या रुमण्यानं, विळ्यानं, दगडानं घासून गुळगुळीत झालेला. शाईत बुडवून कागदावर टेकवला की नुसता काळा ठिपका. असला ठिपका पुण्याच्या पेन्शनवाल्या साहेबानं एकदा परत धाडला. तेव्हापासून मामांचा नियम असा, की अर्जाआधी आठ दिवस त्या माणसानं कामाला हात लावायचा नाही, अंगठ्याला लोणी लावून चिंधी बांधायची आणि मामांच्या ओसरीवर बसून राहायचं. ऐन कापणीत त्यांच्या ओसरीवर चार-पाच धडधाकट गडी अंगठे वर करून बसलेले मी पाहिलेत. त्यातल्या एकाची बायको भांडायला आली. मामांना म्हणाली, "अंगठा ठेवून घ्या, बाकीचा नवरा कामाला सोडा."

फी घेत नव्हते. चहासुद्धा नाही. अट एकच, की तुझं काम झालं की तू दुसरा एक शिपाई हुडकून आणायचा. माणसं प्रामाणिक, अट पाळायची, शिपाई सापडला नाही तरी पाळायची. किकवीच्या एकानं बँडवाला आणला. अंगावर लाल कोट आहे, एवढाच पुरावा. मामांनी त्याची पण सगळी चौकशी केली आणि शेवटी त्याला सांगितलं, तुमी लढाईवर गेला न्हाई, सबब वाचला.

आता माझं सांगतो. मी घरून भावाशी भांडून पळालो आणि नसरापूरच्या बाजारात पलटणीत भरती झालो. भाऊ माग काढत येईल म्हणून खरं नाव सांगायचं नव्हतं. जमादारानं नाव विचारलं तेव्हा समोर भिंतीवर गणपतीची तसबीर होती. मी गणपत सांगितलं. मारुतीची असती तर मारुती झालो असतो. बसऱ्याकडे गुडघ्यात गोळी बसली, पाय वाकायचा बंद झाला, मला घरी लावून दिलं. लग्न त्याच्या आधीच झालेलं. हिर्डोशीत आमची भातखाचरं, आणि भाताच्या चिखलात माझा पाय एकदा रुतला की काढायला दोन माणसं लागायची. सबब, मामांच्या भाषेत, लावणीला बायको एकटी वाकायची. आधी आमच्या खाचरात आणि मग पोटासाठी लोकांच्या. संध्याकाळी कंबर सरळ करताना भिंत धरायची. मला ते बघवत नसे, आणि बघण्यापलीकडे मला काही करताही येत नसे.

पेन्शन मिळाली असती तर तिचं लोकांच्या खाचरात वाकणं थांबलं असतं. मामांनी अर्ज केला. उत्तर आलं की गणपत याला पेन्शन द्यायला हरकत नाही, मात्र त्याला हजर करावं. मी भोरच्या कचेरीत हजर झालो. तिथल्या कारकुनानं विचारलं, तू कोण. मी म्हटलं, धोंडिबा. पाटलांचा दाखला मागितला. आमचे पाटील सरळ माणूस, त्यांनी लिहून दिलं की या गावी गणपत नावाचा इसम नाही. म्हणजे गोळी गणपतला लागली आणि लंगडत मी होतो.

मी मामांना म्हटलं, धोंडिबा ऊर्फ गणपत असं लिहा आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, ऊर्फ चोराला असतं. मग दाखल्यात पाटलांना जरा खोटं लिहायला सांगा, असं म्हटलं. तेव्हा ते चालता चालता माझ्याकडे वळले.

"जावईबापू, अर्जात खोटं लिहायचं न्हाई. आधी खरं करायचं, मग लिहायचं."

त्यातच कारकुनानं आणखी एक काढलं. पुण्याचा साहेब महिन्याभरात भोरला येणार, त्याच्यापुढं बायकोनं येऊन नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. हे ऐकल्यावर आमची मंडळी चुलीपुढून उठली. एरवी मामांपुढं मान वर न करणारी बाई, पण त्या दिवशी म्हणाली, "मामा, यांचं नाव म्या आजवर घेतलं न्हाई. आन् परक्या बाप्याचं नाव नवरा म्हणून घेऊ व्हय?"

मामा अंगणात तीन फेऱ्या फिरले. म्हणाले, "पोरी, लग्नात तुझं नाव बदाललं, तवा तू दुसरी झालीस व्हय?"

"माझं बदाललं ते साऱ्या गावासमोर. यांचं कुणी बदाललंय?"

मामा थांबले. चालताना थांबलेले मी त्यांना त्याच दिवशी पाहिले. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "खरं हाय. सबब बारसं करू."

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा हा प्रकार त्यांना येत नव्हता. पुढच्या सोमवारी किकवीहून माझी आत्या बैलगाडीत घालून आणली, कारण बारशाला आत्या लागते. सत्तरीची म्हातारी. माझं पहिलं नावही तिनंच ठेवलेलं, ती गाडीतून उतरायच्या आधीच रुसली होती. पयल्या नावात काय वंगाळ होतं, असं प्रत्येकाला विचारत होती. आढ्याला दोन घोंगड्यांची झोळी बांधली. भाताचं पोतं घालून ती आधी झुलवून पाहिली, मग पोतं काढून मला घातलं. पाय वाकत नसल्यानं तो बाहेर राहिला, त्याला शेजाऱ्यानं धरलं. बायका बसल्या. तान्ह्या लेकराला कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याच्या खालून-वरून देतात. मला देता येईना, म्हणून माझ्या बदली नुसता वरवंटा फिरवला. आत्यानं माझ्या कानात कुर्र केलं आणि गणपत सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि तिनं ते सगळे हिशेबात धरून परत केले. तिसऱ्या झोक्याला घोंगडी फाटली आणि मी खाली आलो. मामा दारात कागद घेऊन होते. त्यांनी लिहिलं, विधी यथासांग पार पडला.

खाली पडल्या पडल्या मला बायको दिसली. खांबाआड तोंडात पदर कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. लढाईहून आल्यावर तिला तशी हसलेली मी पाहिली नव्हती.

घुगऱ्या खाऊन पाटलांनी दाखला लिहिला की या गावी गणपत नावाचा इसम आहे. वय काय लिहू, एवढंच त्यांनी विचारलं, कारण बारशाच्या हिशेबानं मी बारा दिवसांचा होतो.

मग भोरची कचेरी. साहेब खुर्चीत, शेजारी कारकून, आम्ही दोघं समोर, मामा दारात. कारकुनानं तिला विचारलं, नवऱ्याचं नाव. ती गप्प. परत विचारलं. ती जमिनीकडे बघत उभी. घरी तिनं कबूल केलं होतं, पण घर वेगळं आणि कचेरी वेगळी. कारकुनानं टाक खाली ठेवला आणि म्हणाला, बाई नाव सांगत नाही, म्हणजे हा नवरा नाही, पुढचा बोलवा. मला तिच्याकडे बघवेना. मी दाराकडे बघितलं. मामांनी तिला एक शब्द सुचवला नाही. साक्षीदाराला सुचवणं त्यांच्या लेखी खोटंच. ते कारकुनाला एवढंच म्हणाले, "रावसाहेब, आमच्यात नुसतं नाव घेत न्हाईत. उखाणा जुळवाया येळ लागतो. सबब थांबावं."

कारकून साहेबाच्या कानात काही बोलला. साहेबानं तोंडातली चिलीम काढून टेबलावर ठेवली. आणि ती खालीच बघत म्हणाली,

"बसऱ्याच्या वाळूत सांडलं रगत,
गणपतरावांचं नाव घेते, सायेब बसल्याती बगत."

साहेबानं विचारलं असावं की काय म्हणाली. कारकून म्हणाला असावा की हाच. सही झाली.

परतीच्या वाटेला मामा नेहमीसारखे पुढं निघून गेले होते. आम्ही दोघं मागं, माझ्या पायाच्या चालीनं. मी तिला म्हटलं, घेतलंस की माझं नाव. ती म्हणाली, "ते कागदावरल्याचं घेतलं. तुमचं अजून माझ्यापाशी हाय."

पुढच्या पावसाळ्यात ती फक्त आमच्या खाचरात वाकली. मामांनी अटीप्रमाणे माझ्याकडून दुसरा शिपाई मागितला, मी तीन दिले. दुसरी लढाई झाली, नवे लंगडे आले, मामांची ओसरी परत अंगठ्यांनी भरली. ते ऐंशीला टेकले तरी चालतच होते.

यंदा वैशाखात ती गेली. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संपलं. माझं नाव तिनं अखेरपर्यंत घेतलं नाही, घेऊन गेली.

दिवस झाल्यावर मामा आले. वरव्याहून चालत आले, पण या खेपेला वाटेत बसत बसत आले, असं लोकांनी मला नंतर सांगितलं. माणसं जमलेली होती. मामांनी पिशवीतून कागद, दौत, टाक काढला. माझ्या पेन्शनीला वारस म्हणून तिचं नाव होतं, ते कमी करायचा अर्ज. माझा चुलतभाऊ पुटपुटला की म्हाताऱ्याला काळवेळ नाही, सख्खी भाची गेली आणि हा कागद काढतोय. मामांनी लक्ष दिलं नाही. माझ्यासमोर बसले. बसले म्हणजे खरंच बसले, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "मयताचं नाव?"

मी काय सांगणार. तिला खांद्यावर घेऊन हिंडलेला माणूस, त्याला नाव ठाऊक नव्हतं असं नाही. आणि मी जन्मभर अगं म्हणून हाक मारलेली. ती असताना नाव घ्यायची लाज, आता कुणाची लाज ते कळेना. कसंबसं घेतलं. मामांनी टाक बुडवला, लिहिलं.

मग म्हणाले, "ऐकू आलं न्हाई. परत सांगा."

परत सांगितलं. या वेळी जरा मोठ्यानं. मामांनी परत टाक बुडवला.

"आणिक एकदा."

तिसऱ्यांदा सांगताना मी रडलो. ती गेल्यापासून रडलो नव्हतो, लोकही माझ्याकडे दगडाकडे बघावं तसं बघत होते. मामांनी तिसऱ्यांदा टाक बुडवला, कागद वाळवला, घडी केली, माझ्या हातात दिला, आणि पाणी न घेता उठले. कान त्यांचे ठणठणीत होते. अंगणातून मांजर गेलं तरी त्यांना कळायचं.

पुण्याला धाडण्याआधी मी तो कागद उलगडून पाहिला. तिचं नाव त्यात एकदाच होतं. तेही घरून लिहून आणलेलं, जुन्या शाईचं, आणि त्यावर वाटेतल्या घामाचा डाग पसरलेला. नवीन अक्षर कुठंच नव्हतं. मग तीन वेळा टाक दौतीत बुडवून ते काय लिहीत होते, ते मला विचारायचं होतं. दिवाळीनंतर वरव्याला जाऊन विचारीन म्हणत होतो.