घरच्यासारखी

वेल्ह्याच्या स्टँडवरून मी निघाले त्या दोन वेळा विसरता येत नाहीत. पहिल्यांदा नोकरीसाठी बंगळूरला जात होते. आबा एसटीच्या खिडकीशी उभे होते. गाडी हलली तरी गज धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "कुणाच्या म्होरं वाकू नको, आन् कुणाला वाकवू बी नको." दुसऱ्यांदा निघाले तेव्हा ते खाटेवर होते, उजवं अंग लुळं पडलेलं. स्टँडवर कोणी आलं नाही. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "वडलांकडं कोण असतं?" मी म्हणाले, "मावशी आहेत ना. अगदी घरच्यासारख्या."

हे बोलताना मला जराही लाज वाटली नाही. ती आता वाटते, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही गावात राहिला असाल किंवा माझ्यासारखे बाहेर पडला असाल, हा शब्द तुमच्याही तोंडी असणार.

आबा खडीक्रशरवरच्या मजुरांची संघटना चालवायचे. भोरच्या छापखान्यातून पिवळ्या-गुलाबी पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि आई नि मी घड्या घालत बसायचो. 'नि' हे अक्षर मी निषेधातलं शिकले. 'आठ तासांच्या वर काम घेणं ही चोरी आहे' हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. माझं नाव क्रांती ठेवलं, यात काय ते आलंच. पुण्यात कॉलेजला गेल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. एक घरकाम करणाऱ्या बायकांसाठी होतं. त्यात मी लिहिलं होतं की 'घरच्यासारखी' हा मालकांचा शब्द आहे. तो एकदा चिकटला की बाईला सुट्टी मागता येत नाही. दुसरं पत्रक वृद्धाश्रमांविरुद्ध. 'आईबापांना गोदामात टाकणाऱ्यांनो!' अशी त्याची सुरुवात. कामथडीच्या आत्याने ते साऱ्या भावकीच्या ग्रुपवर टाकलं होतं.

आई गेली, आबा एकटे राहिले, आणि गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं एकेका शब्दावर आलं. मी रजा टाकून धावले. पलीकडच्या वाडीतल्या शालनमावशी मिळाल्या. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन शिरवळला. त्या आमच्याकडे राहायलाच आल्या. आबांना बसवणं, भरवणं, अंघोळ, रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणं, सगळं त्यांच्या अंगावर टाकून मी परतले. वर अभिमान! ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगत फिरायचे, आम्ही वडलांना होममध्ये नाही ठेवलं. बंगळूरच्या माझ्या फ्लॅटवर स्वयंपाकाला येणाऱ्या अक्कांना मी रविवारची सुट्टी देते. त्याचंही मला कौतुक होतं.

पूर्वी घराघरात म्हातारी माणसं कशी सांभाळली जायची, असा उमाळा लोकांना येतो. कोण सांभाळायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. माझ्या आजीला सहा वर्षं आईने उचललं-ठेवलं. तुला झेपतंय का, असं तिला कुणी विचारलं नाही. आठ तासांचा हिशेब मांडणाऱ्या आबांनीसुद्धा नाही.

मे महिन्यात आठवडाभर गावी आले. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "सुट्टी."

"आहे की, आबा. आठ दिवस आहे."

त्यांनी मान हलवली आणि डाव्या हाताने चुलीकडं बोट केलं. "हिला."

शालनमावशी हसल्या. "मला वं कशाला सुट्टी? मी घरच्यासारखीच हाय न्हवं."

आबा माझ्याकडं बघत राहिले. घरकामाच्या बायकांचं ते पत्रक मी त्यांनाच आधी वाचून दाखवलं होतं. सात महिने ही बाई सलग तीन तास झोपली नव्हती, आणि मी ती 'घरची सोय' म्हणून मिरवत होते.

घरी पाळीपाळीने येतील अशा दोन बाया शोधल्या. मिळाल्या नाहीत. तरण्या बाया शिरवळच्या कंपन्यांत जातात, आणि का जाऊ नयेत? मग आत्याला घेऊन नसरापूरजवळच्या एका ठिकाणी गेले. तिथल्या मॅनेजरबाई त्याला 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणत होत्या, आत्या आश्रम म्हणत होती. फाटकातच तिने मला गाठलं. "काय गं क्रांते, हेच का ते गोदाम? काढू का तुझं पत्रक? हाय अजून मोबाईलमदी."

जागा स्वच्छ होती. न्हाणीघरात धरायला दांड्या, पुरुषांना अंघोळ घालायला पुरुष. एक आजोबा आपल्या बैलाची गोष्ट सांगत होते आणि एक बाई त्यांना भरवत होती. दोन वाजले. बाईने त्यांचं तोंड पुसलं. "ऱ्हायलेलं उद्या सांगा हां आजोबा, माझी पाळी संपली." ॲप्रन खुंटीला लावून ती निघून गेली. दुसरी आली. तिला बैल ठाऊक नव्हता. आजोबा गप्प झाले. त्यांची गोष्ट अशी तुटायला नको होती. आणि त्या बाईचं अगदी बरोबर होतं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या, आणि मी आयुष्यभर एका वेळी एकच लिहीत आले होते.

फॉर्म घेऊन घरी आले आणि निर्णय सांगून टाकला. शालनमावशींनी हातातली परात दाणकन खाली ठेवली.

"माझं काय चुकलं त्ये तरी सांगा."

"तुमचं नाही हो चुकलं. तुमच्यावर अन्याय होतोय."

"मंजी माझं काम जाणार, आन् त्यो न्याय? ताई, तुमी लई शिकल्या. पर आबांना इचारलं? मला इचारलं?"

खाटेवरून आवाज आला, "मीटिंग." आबा अर्ध्या तोंडाने हसत होते.

मग खाटेभोवती आम्हा तिघांची मीटिंग झाली. शालनमावशी म्हणाल्या, "मला रातीची झोप पायजे. ती बी माझ्या घरात. माझ्या कोंबड्या लोकांकडं सांभाळाया दिल्यात मी." एवढंच मागणं. आबांना विचारलं. ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "अंघोळ... गडी."

शालनमावशींनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! सात म्हयनं गप ऱ्हायलाव व्हय? मला बी लई अवघड व्हायचं." दोघंही सात महिने डोळे मिटून ती अंघोळ उरकत होती, आणि मी रोज व्हिडिओ कॉलवर विचारत होते, जेवले का?

मी फॉर्म पुढे धरला. "आबा, नसरापूर की इथं?" त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "हितं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "जमंल तवर."

आता अंघोळीला चुलतभाऊ दत्ता येतो. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंतची पाळी माझी. म्हणजे शालनमावशींचे अजूनही बारा तास होतात, आठ नव्हे. ऑफिसने तीन महिने घरून काम दिलंय. लॅपटॉपला पुरेल एवढी रेंज फक्त गच्चीत येते, तिथं लॅपटॉप घेऊन बसते. मी चांगली पाळीवाली नाही. पाचव्याच रात्री आबांवर खेकसले, "आता गप पडा की!" ते गप्प पडले. त्या गप्प पडण्याची लाज कुठल्या पत्रकात मांडू? तीन महिन्यांनी काय, ते माहीत नाही. फॉर्म भरून ठेवलाय, सही बाकी आहे. करायची वेळ आली तर करीन. 'गोदाम' हा शब्द मी परत घेते. 'घरच्यासारखी'बद्दल लिहिलं होतं त्यातलं मात्र एक अक्षरही नाही.

बाहेर पडलेल्यांना घर म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी राखून ठेवलेली जागा वाटते. मलाही वाटायचं. आता मी विचारते, राखतंय कोण, आणि ती व्यक्ती निजते कुठं? ज्या घरातून राबणाऱ्या बाईला दिवस मावळता स्वतःच्या घरी जाता येत नाही, त्याला घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आज शालनमावशी पंधरा मिनिटं आधीच निघाल्या. दारातून म्हणाल्या, "येते वं आबा," आणि मागं न बघता बांधावरून चालू लागल्या. आबांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पाणी मागितलं.

मी उठले.