माझ्या पट्टीतलं जपानी गाणं

पन्नाशीच्या बाईने म्हणायला सोपं जपानी गाणं कोणतं, हा प्रश्न मला कधी पडेल असं कुणी पुण्यात सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण बंगळूरला येऊन अकरा वर्षं झाली, आणि गेल्या वर्षी महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

कारण माझी जपानी सहकारी. बंगळूरबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघी माल तपासणीच्या विभागात. ती जपानहून आलेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि हुद्द्यानेही वरची. दोघी इंदिरानगरला राहायचो, म्हणून कंपनीची एकच गाडी आम्हाला न्यायची-आणायची. तीन वर्षं, रोज सकाळी तासभर आणि संध्याकाळी त्याहून जास्त. इतकं मी नवऱ्याशीही बोललेली नाही. थोडं इंग्रजी, थोडं माझं परीक्षेपुरतं शिकलेलं जपानी, असं आमचं चालायचं. रस्ता फारच तुंबला की ती खिडकीबाहेर बघत एकच चाल गुणगुणायची.

मग तिचं परत जायचं ठरलं. निरोपाचा कार्यक्रम इंदिरानगरातल्याच एका कराओकेच्या खोलीत, शनिवारी दुपारी. गाडीत ती मला म्हणाली की त्या दिवशी मी एक जपानी गाणं म्हणावं, तिला दुसरी भेट नको. मी पूर्वी गायचे हे तिला मीच कधीतरी फुशारकीने सांगितलं होतं. आता गात नाही, हे मात्र सांगितलं नव्हतं.

गात नव्हते, कारण त्याआधी दोन वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भावगीत म्हणताना वरच्या ‘सा’वर माझा आवाज फाटला. चक्क फाटला. पुढच्या रांगेतल्या बायका माना खाली घालून बसल्या. पाळी जाता जाता गळाही उतरतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी कानाला खडा लावला. स्वयंपाक करतानाही गुणगुणणं बंद केलं. आणि आता हिला हो म्हणून बसले होते. पुन्हा तसंच झालं तर, तेही तिच्या निरोपाला, सगळ्या ऑफिससमोर? 

मोबाईलवर सोप्या गाण्यांच्या याद्या ढिगाने सापडल्या. एक यादी म्हणे संथ गाणं घ्या. घेऊन बघितलं, तर एका ओळीत माझा दम संपला. दुसरी म्हणे कमी शब्दांचं घ्या. कमी शब्द म्हणजे प्रत्येक शब्द ताणायचा, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. नव्या गाण्यांत जीभ अडखळायची. पुरुषांची गाणी खालच्या सुरात असतात म्हणून ती बघितली, तर ती थेट तळघरातच सुरू व्हायची. जुनी गाणी जरा आवाक्यातली वाटली, पण त्यांतली बाई बहुतेक वेळा थंडीत बंदरावर उभी असते आणि तिचा माणूस निघून गेलेला असतो. मागे राहणारी मी, इथपर्यंत जुळत होतं. पण दुसऱ्या कडव्यात ती दारू प्यायला बसायची, आणि समोर आमचे कारखान्याचे मॅनेजर असणार होते. शेवटी मी लहान मुलांच्या गाण्यांकडे वळले, तेव्हा मुलगी म्हणाली, आई, तू त्यांना बडबडगीत म्हणून निरोप देणार? नवरा म्हणाला, काहीही म्हण, कुणाला कळतंय. तिथे आठ जपानी माणसं असणार होती, त्यांना सगळंच कळणार होतं. मी हात टेकले.

मग एकदम सुचलं, तिची ती गाडीतली चालच का नको? फोनसमोर गुणगुणून गाणं शोधून काढलं. बेताच्या लयीचं, ध्रुवपद तीनदा तेच, दारू नाही, बंदर नाही. शिवाय तिच्या आवडीचं. ज्याच्यासाठी गायचं त्याच्या आवडीचं गावं, आपल्याकडे मैफलीत याहून मोठा मान नसतो. शब्द मी देवनागरीत लिहून काढले. फक्त तिसऱ्या ओळीत सूर वर चढत होता, नेमका तिथे, जिथे माझं बिनसायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, सगळी बिल्डिंग त्यांना अक्का म्हणते. त्यांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलं, त्यामुळे बोलण्यात कन्नड शब्द मिसळलेले. त्यांच्याकडे पेटी आहे. मी कागद घेऊन गेले. माझी पट्टी काळी चार, मी ऐटीत सांगितलं, आणि तिसऱ्या ओळीत व्हायचं तेच झालं.  अक्कांनी काळी तीन धरली, मग आणखी खाली आल्या. मला रडूच आलं.

"स्वल्प खाली उतर की गं," त्या म्हणाल्या. "आवाज कुठं गेला न्हाई तुझा. खालच्या घरात राहायला आलाय, तू अजून वर जाऊन हाका मारतीस. सरी, आता म्हण."

म्हटलं, तर खरंच जमलं. मुलीने सांगितलं की कराओकेच्या मशीनलाही तसं बटण असतं, एकदा दाबलं की गाणं अर्धा स्वर खाली येतं. माझा हिशोब तीनदाचा निघाला.

शनिवारी तिसरी पाळी माझी आली. गाणं लावलं, आणि सगळ्यांदेखत तीनदा बटण दाबलं. पडद्यावर उणे एक, उणे दोन, उणे तीन असे आकडे येत गेले. सूर सुरू झाले आणि जपानी मंडळींच्या टाळ्या एकदम थांबल्या. एक जण अर्धवट उठला आणि परत बसला. मला काही कळेना. पट्टी चुकली, की गाणंच भलतं लागलं? तिच्याकडे पाहिलं, तर ती पडद्याकडे बघत होती. कागद डोळ्यांसमोर धरला आणि तोंड उघडलं. तिसरी ओळ आली आणि मी तिच्यावरून सुखरूप पलीकडे गेले. दोन वर्षांनी मी शेवटपर्यंत गायले. इतका आनंद झाला की बाकीचं मी विसरूनच गेले. आधी तिने टाळ्या वाजवल्या, मग इतरांनी. तिची पाळी आली तेव्हा घसा बसलाय म्हणून ती हसून नाही म्हणाली.

बाहेर पडताना आमच्या खरेदी विभागाच्या जपानी प्रमुखांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. त्यांच्यात प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं असतं, आणि ते माणूस समोर असताना दुसरं कुणी ते घेत नाही. हे तिचं. त्यांच्यातल्या कुणाच्याही निरोपाला शेवटी ती हेच म्हणायची. आज सगळे त्याचीच वाट बघत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी ती शेवटची कारखान्यात आली. गाडीत मी तिची माफी मागितली, घोकून ठेवलेल्या जपानी वाक्यात. के. आर. पुरमचा पूल मागे पडला.

"त्या तिसऱ्या ओळीपर्यंत माझा आवाज आता जात नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "वर्ष झालं."

मग बटण का नाही दाबत, मी विचारलं.

"पडद्यावर आकडा येतो. सगळ्यांना कळतं." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही तीनदा दाबलंत. मी मोजत होते."

 ती खरं सांगत होती की मला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणाली, हे मला आजही उमगलेलं नाही. तीन वर्षांत तिचं सौजन्य कुठे संपतं आणि मन कुठे सुरू होतं, ते मला कधी ओळखता आलं नाही. खोटं असेल, तर तिचं इथलं शेवटचं गाणं मी हिरावून घेतलं. आणि खरं असेल, तर वर्षभर एका गाडीत शेजारी बसून आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. यातलं कशाचं जास्त वाईट वाटून घ्यावं, ते मला अजून ठरवता येत नाही.